मॉनिटर घेताय? आधी खोलीतला उजेड बघा

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाची धावपळ एकदाची संपली, की मला पालकांचे फोन सुरू होतात. "मॅडम, मॉनिटर घ्यायचाय, कोणता घेऊ?" प्रश्न एकच, पण त्यामागच्या काळज्या वेगवेगळ्या. कुणाला पैशांची जुळवाजुळव करायची असते, कुणाला पोरगं गेमच खेळत बसेल अशी धास्ती असते. पण बोलता बोलता गाडी शेवटी डोळ्यांवर येऊन थांबते. "चष्मा तर लागणार नाही ना?" हे बहुतेक जण जाता जाता विचारतात, पण फोन खरं तर त्यासाठीच केलेला असतो. शाळेच्या संगणक कक्षात मुलांच्या पाठीमागे उभं राहून त्यांच्या स्क्रीन बघण्यात माझी नोकरी गेली, म्हणून आज जरा निवांत बोलते.

तुम्ही दुकानात गेलात की विक्रेता इंच सांगतो, हर्ट्झ सांगतो, रिझोल्युशन सांगतो, कुठल्या कार्डावर किती कॅशबॅक तेही सांगतो. स्क्रीनचा पृष्ठभाग मॅट आहे की ग्लॉसी, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं आणि आपणही विचारत नाही. खरं तर मूल रोज संध्याकाळी त्या टेबलावरून डोळे चोळत उठणार की नाही, यात या पृष्ठभागाचा वाटा मोठा असतो.

ग्लॉसी स्क्रीन म्हणजे काचेसारखी गुळगुळीत. बंद असताना तिच्यात आपण भांग पाडू शकतो. मॅट स्क्रीनच्या वरच्या थराला अगदी सूक्ष्म खडबडीतपणा दिलेला असतो, त्यामुळे समोरून येणारा उजेड सरळ परत न येता इकडेतिकडे विखुरतो. डब्यावर 'अँटिग्लेअर' लिहिलेलं असतं ते हेच. तुमच्या मोबाइलची आणि टॅबची काच ग्लॉसी असते, टचस्क्रीनवाले लॅपटॉपही बहुधा ग्लॉसी. ऑफिसातले मॉनिटर बहुतेक सगळे मॅट असतात, आणि ते उगीच नाही.

साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटतं. पण दिवसा खिडकीतून दिसणारं आकाश मॉनिटरवरच्या पांढऱ्या पानापेक्षा दहा-वीस पट प्रखर असतं. दहा पटींचे ४ टक्के म्हणजे पानाच्या पांढरेपणाचा चाळीस टक्के भाग, आणि वीस पटींचे घेतले तर ऐंशी! काळ्या अक्षरांवर बाहेरून एवढा पांढरा उजेड येऊन बसला, तर अक्षरं फिकी पडणारच. मग मूल काय करतं? ब्राइटनेस शंभरावर नेतं. संध्याकाळ होते, खिडकीतला उजेड जातो, पण ब्राइटनेस खाली आणायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. रात्री नऊ वाजता अंधारलेल्या खोलीत ती स्क्रीन थेट डोळ्यांवर बॅटरी मारल्यासारखी मारा करत राहते.

दुसरी गोष्ट आणखी गमतीची आहे, आणि ती तुमच्या मुलालाच विचारा, कारण त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात ती आहे. सपाट आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर दिसते, जेवढ्या अंतरावर ती वस्तू आरशाच्या पुढे असते. ग्लॉसी स्क्रीनचंही तसंच. अक्षरं डोळ्यांपासून दोन फुटांवर असतात, पण पाठीमागच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटची प्रतिमा स्क्रीनच्याही आत सात-आठ फूट खोल दिसते. एकाच जागी बघायचं आणि तिथं दोन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी. डोळा अक्षरांवर नजर स्थिर करतो, आणि ती लख्ख पांढरी कांडी त्याला मागे ओढत राहते. मॅट स्क्रीनवर तीच ट्यूब विरघळल्यासारखी पसरट दिसते. नजर खिळवून ठेवील अशी रेघ उरत नाही, एवढाच काय तो फायदा. पण तासन्‌तास बसणाऱ्याला तो मोठा असतो.

आमच्या कक्षाच्या खिडक्या पश्चिमेला होत्या आणि टेबलं अशी मांडलेली की मुलांची पाठ खिडकीकडे. दुपारच्या अधिवेशनातल्या शेवटच्या तासाला ऊन तिरपं आत यायचं आणि एक अख्खी रांग मान वाकडी करून बसायची. एक मुलगा डाव्या हातानं वही स्क्रीनच्या वर छपरासारखी धरायचा आणि उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचा. मी त्याला "सरळ बस" म्हणून ओरडण्याआधी त्याच्या मागे जाऊन बसले, तेव्हा दिसलं की स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात खिडकीचे गज मोजता येत होते. खालच्या अर्ध्या भागात त्याचा गणवेशाचा पांढरा शर्ट. हे शर्टाचं कुणाच्या लक्षात येत नाही. ग्लॉसी स्क्रीनसमोर पांढरे कपडे घालून बसलं तर आपणच आपल्याला अडथळा होतो, आणि काळ्या रंगाचा 'डार्क मोड' लावला असेल तर जास्तच. टेबलं फिरवून खिडकी मुलांच्या बाजूला घेतली आणि निम्म्या माना आपोआप सरळ झाल्या. त्यासाठी एक रुपया लागला नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की मॉनिटर निवडायला सुरुवात दुकानात करू नका. ज्या खोलीत तो ठेवणार आहात तिथे, मूल साधारण ज्या वेळी अभ्यासाला बसतं त्याच वेळी, त्याच्या खुर्चीत बसा. एखादा जुना लॅपटॉप किंवा टॅब बंद करून मॉनिटर येणार त्या जागी उभा धरा आणि त्या काळ्या काचेत काय काय दिसतं ते बघा. खिडकी दिसते? ट्यूब दिसते? देव्हाऱ्यातला दिवा, बाल्कनीचं दार, समोरच्या इमारतीची उन्हात चमकणारी पांढरी भिंत? जे जे त्या काचेत दिसेल, ते ते मुलाला रोज अक्षरांच्या अंगावर दिसणार आहे. आपल्याकडे दोन खोल्यांच्या घरात टेबल कुठे ठेवायचं हे पुष्कळदा प्लगपॉइंट ठरवतो, हे मला ठाऊक आहे. पण दोनशे रुपयांच्या एक्स्टेन्शन बोर्डनं टेबल समोरच्या भिंतीवरून बाजूच्या भिंतीला नेता येत असेल, तर ते आधी करा. खिडकी स्क्रीनच्या मागेही नको, मुलाच्या पाठीमागेही नको. डाव्या किंवा उजव्या हाताला हवी.

एवढं करूनही काचेत उजेड दिसत असेल, आणि बहुतेक घरांत तो दिसतोच, तर मॅट घ्या. विचार करत बसू नका.

ग्लॉसीची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मॅट थरामुळे आतून येणारा प्रकाशही थोडा विखुरतो, त्यामुळे रंगांची चमक जरा कमी भासते आणि उजेडात काळा रंग राखाडीकडे झुकतो. तुमची मुलगी फोटोग्राफी किंवा ॲनिमेशन शिकत असेल, तिची खोली तिच्या ताब्यात असेल, पडदे ओढून दिव्यांची जागा बदलता येत असेल, तर तिला ग्लॉसी आवडेल आणि तिला ती शोभेलही. हॉलमध्ये बसून जेईईचे व्हिडिओ बघणाऱ्या आणि पीडीएफ वाचणाऱ्या मुलाला त्या चमकेचा काडीचा उपयोग नाही. गेमसाठी हट्ट धरून बसलेली मुलं हल्ली ओलेड मॉनिटरचं नाव घेतात. त्यांतले बरेचसे ग्लॉसी किंवा अर्धवट ग्लॉसी असतात, आणि त्यांतल्या क्यूडी-ओलेड जातीच्या स्क्रीनवर उजेडात काळा रंग चक्क जांभळट-राखाडी दिसतो. अंधाऱ्या खोलीत त्या देखण्या दिसतात, याबद्दल वाद नाही. अभ्यासाच्या टेबलावर मी त्या ठेवणार नाही.

सगळे मॅट सारखे नसतात, हे मात्र खरं. उजेड किती विखुरतो त्याला 'हेझ' म्हणतात आणि काही कंपन्या तो आकडा माहितीपत्रकात देतात. नेहमीच्या मॅट मॉनिटरचा हेझ साधारण २५ टक्के असतो, आणि घरासाठी तो योग्य. त्याच ओळीत पुढे '३एच' असं लिहिलेलं असतं. पुष्कळ पालकांना ते डोळ्यांच्या सुरक्षेचं काहीतरी मानांकन वाटतं. तसं काही नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला मुलं एचबी, २बी पेन्सिली नेतात, त्याच कुळातली ही ३एच. त्या कडक पेन्सिलीनं ओरखडा पडणार नाही इतका थर टणक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मॅट थर फार भरड असेल तर वेगळाच त्रास होतो. पांढऱ्या पानावर बारीक रवाळ लकाकी दिसते, डोकं हलवलं की ती हलते. २०१० च्या आसपासच्या काही चांगल्या, महागड्या मॉनिटरांबद्दलही ही तक्रार होती. आता ती बरीच कमी झाली आहे, पण अगदी स्वस्त मालात अजून सापडते. उलट टोकाला ॲपलनं २०१९ साली आपल्या मॉनिटरसाठी काचेवरच नॅनोमीटरच्या मापाची नक्षी कोरून मॅटपणा आणला. त्या एका सोयीची किंमत तेव्हा हजार डॉलर जास्त होती, आणि ती काच पुसायची फक्त सोबत दिलेल्या खास फडक्यानं! आपल्याला त्या वाटेला जायचं कारण नाही. पण मॅट स्क्रीन पुसायची कशी हे मात्र घरात सगळ्यांना सांगून ठेवा. खिडक्यांच्या काचा पुसायचा निळा स्प्रे तिच्यावर मारायचा नाही, त्यानं थर खराब होऊ शकतो. मऊ मायक्रोफायबर कापड किंचित ओलसर करायचं आणि न दाबता फिरवायचं. दिवाळीच्या साफसफाईत मदतीच्या हातांनी घासून काढलेल्या स्क्रीन मी पाहिल्या आहेत. मधोमध कायमचा चकाकता डाग पडलेला असतो.

आता दुकानाकडे वळू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे) किंवा तुमच्या गावातल्या संगणकाच्या दुकानात गेलात, तर समोर दहा मॉनिटर पूर्ण ब्राइटनेसवर मोर, फुलपाखरं आणि न्यूयॉर्कचे दिवे दाखवत असतील. त्यांना भुलू नका. जो घ्यायचा विचार आहे तो बंद करायला सांगा. हातभर अंतरावर उभे राहा आणि छतावरच्या दिव्याची प्रतिमा बघा. कडा स्पष्ट दिसल्या तर ग्लॉसी, धूसर डाग दिसला तर मॅट. मग चालू करून एक कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस निम्म्यावर आणा आणि डोकं डावीउजवीकडे हलवून लकाकी दिसते का ते तपासा. त्यानंतर अकरा पॉइंटमध्ये मराठी मजकूर लिहून बघा. 'उच्छ्वास', 'दृष्टिकोन', 'शुश्रूषा' असले शब्द घ्या. आपल्या लिपीत वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-ऋकार असा दोन्ही मजल्यांवर कारभार असतो. इंग्रजी अक्षरं ठीक दिसणाऱ्या स्क्रीनवरही आपली जोडाक्षरं गिचमिड होऊ शकतात.

ती गिचमिड पुष्कळदा आकाराच्या हव्यासातून येते. १९२०×१०८० ची फुल एचडी स्क्रीन २४ इंचांची असेल तर एका इंचात साधारण ९२ ठिपके बसतात. तेच ठिपके २७ इंचांवर ताणले की ८२ उरतात. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण अक्षर भरड करून आणतो. २७ इंचच हवी असेल तर २५६०×१४४० ची घ्या, तिथे १०९ बसतात. पण त्याआधी टेबलाची खोली मोजा. आपल्याकडची अभ्यासाची टेबलं पुष्कळदा जेमतेम दीड फूट खोल असतात. स्क्रीन डोळ्यांपासून निदान दोन फूट तरी लांब हवी, आणि दीड फुटाच्या टेबलावर मॉनिटरचं स्टँडच अर्धा फूट खातं. अशा टेबलावर २७ किंवा ३२ इंच म्हणजे नाटकाला पहिल्या रांगेत मान वर करून बसणं. २४ पुरे. स्क्रीनची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली यावी. वर-खाली होणारं स्टँड असलेला मॉनिटर थोडा महाग पडतो, पण दोन वेगवेगळ्या उंचीची भावंडं तो वापरणार असतील तर ते पैसे कारणी लागतात.

डब्यावरच्या स्टिकरांपैकी एकाला मी मान देते: 'फ्लिकर फ्री'. काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करण्यासाठी आतला दिवा अतिवेगानं चालू-बंद करतात. ते डोळ्यांना दिसत नाही, पण काहींना त्यानं डोकेदुखी होते. दुकानात ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणा आणि पांढऱ्या पानासमोर पेन झपाझप हलवा. पेनाचा सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. एका शेजारी एक अशी सुटी सुटी पेनं दिसली, तर तो मॉनिटर तिथेच ठेवून पुढे चला.

'ब्लू लाइट'च्या स्टिकरसाठी मात्र एक पैसाही जास्त देऊ नका. स्क्रीनच्या निळ्या प्रकाशानं डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या १७ चाचण्या कॉक्रेन या संस्थेनं २०२३ साली एकत्र तपासल्या, तेव्हा साध्या चष्म्याच्या तुलनेत डोळ्यांवरचा ताण कमी होत असल्याचं निदान थोड्या काळाच्या वापरात तरी दिसलं नाही. रात्री स्क्रीन पिवळसर करायची सोय प्रत्येक संगणकात फुकट असते. मुलाला बरं वाटत असेल तर लावू द्या.

ताण येतो तो दुसऱ्याच कारणानं. स्क्रीनकडे एकटक बघताना माणूस पापण्या लववायचं विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी उघडझाप निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. पंखा थेट तोंडावर असेल तर आणखी. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं, हा नियम तुम्ही ऐकला असेल. घड्याळ लावून तो कुणी पाळत नाही, हा माझा अनुभव. त्याऐवजी पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता स्वयंपाकघरात ठेवा. तहान लागली की मूल उठतंच.

आता तुम्ही फोनवर जाता जाता विचारलेला तो प्रश्न. मॅट स्क्रीननं चष्मा टळत नाही. टळतो असं कुणी सांगितलं तर तो विकायला बसला आहे असं समजा. लघुदृष्टी लांबवायला उपयोगी पडणारी आणि सगळ्यांत स्वस्त गोष्ट म्हणजे दिवसाच्या उजेडात घराबाहेर घालवलेला वेळ. तैवाननं २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीम राबवली आणि वर्षानुवर्षं वाढत गेलेलं तिथल्या मुलांच्या लघुदृष्टीचं प्रमाण खाली वळलं. घरात दिव्याखाली काही शे लक्स उजेड असतो, बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो कित्येक हजारांत जातो. त्यामुळे पाचवी-सहावीतलं पोर संध्याकाळी मैदानावर जात असेल तर क्लाससाठी ते बंद करू नका.

आणि मॉनिटर आणणं म्हणजे मुलाला आणखी एका स्क्रीनच्या तोंडी देणं, असं मनाला लावून घेऊ नका. २०२० च्या टाळेबंदीत लाखो मुलं वीतभर अंतरावर मोबाइल धरून शिकली. त्या चकचकीत, तळहाताएवढ्या काचेपेक्षा दोन फुटांवरची २४ इंचांची मॅट स्क्रीन डोळ्यांना केव्हाही सुसह्य. तोच व्हिडिओ, तीच पीडीएफ बघायची असेल तर मोबाइल बाजूला ठेवून ती मॉनिटरवर बघू द्या.

मूल स्क्रीनजवळ सरकत असेल, डोळे बारीक करत असेल, संध्याकाळी कपाळ दुखतं म्हणत असेल, तर मात्र मॉनिटर बदलून भागणार नाही. पुष्कळ मुलांना आपल्याला कमी दिसतं हेच माहीत नसतं, सगळ्यांना असंच दिसतं असं त्यांना वाटतं. वर्गात फळ्यावरचं चुकीचं उतरवून घेणारी अशी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांना धांदरट म्हणून बोलणी खातानाही पाहिलं आहे. तुमच्या मुलाचे डोळे गेल्या वर्षभरात तपासले नसतील, तर मॉनिटरची ऑर्डर देण्याआधी नेत्रतज्ज्ञाची वेळ घ्या.